कागदावर चार घरं, प्लॉटवर एकही नाही: राज्याच्या नव्या गृहनिर्माण कायद्यानुसार शहराचं झोनिंग कसं बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या सुमारे तीस हजार वस्तीच्या एका शहरात, प्लॅनिंग कमिशनवर (नियोजनाबाबत शहराला सल्ला देणाऱ्या समितीवर) एका मराठी वाचकाची नुकतीच नेमणूक झाली आहे. राज्याने २०२३ मध्ये केलेल्या गृहनिर्माण कायद्यांप्रमाणे शहराची झोनिंग नियमावली (कोणत्या भागात काय आणि किती बांधता येईल ते नियम) बदलायची आहे. नियोजन विभागात माणसं दोनच. त्या वाचकाचं म्हणणं: 'नियमावलीत जिथे एक घर लिहिलंय तिथे दोन किंवा चार लिहिलं की काम झालं, असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. खरंच तेवढ्यात होतं का? नसेल, तर सुरुवात कुठून करायची?'

तेवढ्यात होत नाही. घरांची संख्या बदलणं हा या कामातला सर्वात सोपा भाग आहे, एका दुपारचं काम. परवानगीचा खरा निकाल लागतो तो त्या आकड्याच्या मागे उभ्या असलेल्या तक्त्यांमध्ये: सामासिक अंतरं (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), प्लॉटवरच्या बांधकामाची टक्केवारी, उंची, पार्किंग, सांडपाण्याच्या जोडण्या, शुल्कं आणि अर्जाची प्रक्रिया. हे सगळे तक्ते एका प्लॉटवर एकच बंगला असणार, असं गृहीत धरून लिहिलेले असतात. राज्याने संख्या बदलली; तक्त्यांपैकी काहींना कायद्याने हात लावला आहे, बाकीचे तुमच्या हाती आहेत. मी इथल्या लहान-मोठ्या शहरांसाठी हेच काम बरीच वर्षं करते आहे, आणि कायदा पाळूनही एकही जादा घर होऊ न देणारी नियमावली लिहिणं किती सहज जमतं हे जवळून पाहिलं आहे. बहुतेक वेळा त्यात कुणाचा कपटी हेतूही नसतो. जुनं तसंच राहू दिलं, एवढंच.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. एचबी १११० (एचबी म्हणजे प्रतिनिधिगृहात मांडलेलं विधेयक, एसबी म्हणजे सिनेटमधलं) या २०२३ च्या कायद्याने शहरांचे लोकसंख्येप्रमाणे गट केले. ७५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना निवासी प्लॉटवर किमान चार घरं मान्य करावी लागतात, मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून पाव मैलाच्या पायी अंतरात सहा. तुमचं शहर २५,००० ते ७५,००० च्या गटात बसतं. तुम्हाला प्रत्येक प्लॉटवर किमान दोन घरं मान्य करायची आहेत, थांब्याजवळ चार, आणि थांब्यापासून लांब असलेल्या प्लॉटवरही एक घर परवडणारं ठेवलं तर चार. 'परवडणारं' म्हणजे किमान ५० वर्षं तसं बांधून दिलेलं. भाड्याचं असेल तर परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबाला झेपेल असं, विकायचं असेल तर ८० टक्क्यांपर्यंत. 'मोठा थांबा' म्हणजे लाइट रेल, कम्युटर रेल किंवा बस रॅपिड ट्रान्झिट अशा सेवांचा थांबा. कोपऱ्यावरची साधी बस त्यात येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे असा थांबा आहे की नाही हे पहिल्याच दिवशी नकाशावर खूण करून ठरवा. याशिवाय डुप्लेक्सपासून (एका इमारतीत दोन घरं) सहा घरांच्या इमारतीपर्यंत, टाउनहाउस (भिंतीला भिंत लागून ओळीत उभी घरं), एकावर एक फ्लॅट, अंगणाभोवतीची घरं, कॉटेज अशा नऊ प्रकारांपैकी किमान सहा प्रकार मान्य हवेत.

हा कायदा एकटा आलेला नाही. त्याच अधिवेशनात एचबी १३३७ आला: मूळ घराबरोबर प्लॉटवर दोन जोडघरं (मूळ घराला जोडून किंवा त्याच्या आवारात बांधलेली छोटी घरं), मालकाने तिथेच राहायची अट नाही, जोडघराची कमाल आकारमर्यादा १,००० चौरस फुटांपेक्षा खाली ठेवता येणार नाही, आणि त्यावरचं इम्पॅक्ट शुल्क (नव्या घरांमुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारापोटी शहर घेतं ते) मुख्य घराच्या निम्म्याहून जास्त नाही. एसबी ५२५८ ने इम्पॅक्ट शुल्क घराच्या आकाराच्या प्रमाणात घ्यायला सांगितलं आणि एका प्लॉटवरची घरं स्वतंत्रपणे विकता यावीत म्हणून छोट्या पोटविभागणीची सोय शहरांना ठेवायला लावली. एचबी १२९३ ने डिझाइनच्या तपासणीत मोजता येतील असेच निकष वापरायची सक्ती केली. हे चारही कायदे एकाच टेबलावर ठेवून वाचा. एकेका कायद्यासाठी एकेक दुरुस्ती केलेली नियमावली नंतर स्वतःशीच भांडते. अगदी साधा प्रश्न घ्या: तुमच्याकडच्या प्लॉटवर डुप्लेक्स आहे, आता मालकाला दोन जोडघरं हवीत. ती मिळतात का? जोडघरं घरांच्या किमान संख्येत मोजायची मुभा कायदा शहराला देतो, पण मोजायची की नाही हे शहराने ठरवून स्पष्ट लिहायचं असतं. लिहिलं नाही, तर ते काउंटरवर बसलेला कर्मचारी ठरवणार, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कर्मचारी वेगळं ठरवणार.

आता या कामातली खरी गोम. एचबी १११० सांगतो की अशा घरांवर एका कुटुंबाच्या बंगल्यापेक्षा कडक नियम लादता येणार नाहीत. ऐकायला हे फार न्याय्य वाटतं, आणि शहरं लगेच म्हणतात, 'ठीक, बंगल्याचेच नियम सगळ्यांना लावतो.' कायद्याचं अक्षर पाळलं जातं. पण एका बंगल्याला पुरेल एवढ्या पेटीत चार घरं कोंबली की काय होतं ते कागदावर मांडूनच बघा.

५० बाय १०० फुटांचा प्लॉट घ्या, म्हणजे ५,००० चौरस फूट. तो थांब्यापासून लांब आहे आणि मालक एक घर परवडणारं ठेवून चार घरं बांधायला तयार आहे. तुमच्या जुन्या तक्त्यात समजा एफएसआय (एकूण बांधकामाचं प्लॉटच्या क्षेत्रफळाशी प्रमाण) ०.५ आहे. म्हणजे एकूण बांधकाम २,५०० चौरस फूट. बंगल्याला हे ऐसपैस आहे. चार घरांत वाटलं तर प्रत्येकाला ६२५ चौरस फूट, जिने आणि भिंती धरून. आता पार्किंग. ६,००० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर घरामागे जास्तीत जास्त एक जागा मागायची परवानगी कायदा देतो, आणि समजा तुम्ही ती पूर्ण वापरली. नऊ बाय अठराच्या चार जागा शेजारीशेजारी ठेवल्या तर रुंदी ३६ फूट. गाडी मागे घेऊन वळवायला २४ फुटांची मार्गिका. म्हणजे ३६ बाय ४२, झाले १,५१२ चौरस फूट. रस्त्यापासून मागच्या या पटांगणापर्यंत जायला दहा फूट रुंद, ५८ फूट लांब वाट, आणखी ५८० चौरस फूट. नुसतं डांबर २,०९२ चौरस फूट झालं. तुमच्या नियमावलीत पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाची मर्यादा प्लॉटच्या ५० टक्के असेल, तर उरले ४०८ चौरस फूट. एवढ्या पायावर चार घरं उभी करायची आहेत. उंचीची मर्यादा दोन मजल्यांची असेल तर हिशेब तिथेच थांबतो.

यात एकही नियम बेकायदेशीर नाही. प्रत्येक नियम बंगल्याइतकाच आहे. तरीही या प्लॉटवर चार घरं होणार नाहीत. आणि ५० वर्षांची परवडणाऱ्या घराची अट घेऊन इतकं लहान काही बांधायला कुणी पुढे येणारही नाही, म्हणजे तुमच्या नियमावलीतलं ते कलम शोभेचं राहील.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मसुदा लिहिण्याआधी प्लॉट काढा. असेसरच्या (मालमत्ता करासाठी मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयाच्या) नोंदींतून तुमच्या शहरातले चार-पाच नेहमीचे प्लॉट निवडा. एक अरुंद, एक कोपऱ्यावरचा, एक मागे गल्ली असलेला, एक उताराचा, एक साठ-सत्तरच्या दशकातला रुंद पण कमी खोलीचा. प्रत्येकावर आजच्या नियमांनी दोन, तीन, चार घरं बसवून पाहा. आर्किटेक्ट नसला तरी चालेल. आलेखाचा कागद आणि पेन्सिल पुरे. कोणता नियम पहिल्यांदा आडवा येतो, तो काढला की दुसरा कोणता येतो, हे क्रमाने लिहून ठेवा. ती यादीच तुमच्या दुरुस्तीचा आराखडा. बहुतेक शहरांत पहिली आडवी येते ती पार्किंगची आवश्यकता, मग मागचं सामासिक अंतर, मग एफएसआय किंवा बांधकामाची टक्केवारी. घरांच्या संख्येची मर्यादा या यादीत बरीच खाली सापडते.

या मुद्द्यावर दोन शहरांचा अनुभव शेजारीशेजारी ठेवण्यासारखा आहे. मिनियापोलिसने २०१८ मध्ये आपला २०४० चा आराखडा मंजूर केला आणि २०२० च्या सुरुवातीपासून फक्त एका घराचं झोनिंग शहरभर संपवलं. देशभर बातम्या झाल्या. पण बंगल्यांच्या भागात तीन घरांच्या इमारती फारच थोड्या उभ्या राहिल्या, कारण तीन घरांच्या इमारतीलाही आकारमर्यादा बंगल्याएवढीच ठेवली होती. तिथली खरी वाढ झाली ती मोठ्या रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींत आणि पार्किंगची सक्ती उठवल्यामुळे. ओरेगनमधल्या पोर्टलँडने वेगळी वाट घेतली. ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत त्यांनी एफएसआय घरांच्या संख्येबरोबर चढता ठेवला: ५,००० चौरस फुटांच्या नेहमीच्या झोनमध्ये एका घराला ०.५, दोनला ०.६, तीन आणि त्याहून जास्त घरांना ०.७. आपल्या उदाहरणात चार घरांना २,५०० ऐवजी ३,५०० चौरस फूट मिळाले असते, म्हणजे प्रत्येकी ८७५. दोन बेडरूम बसतात. शिवाय एकाच कुटुंबाचा अवाढव्य बंगला बांधण्याचा मोह कमी झाला, तो फायदा वेगळाच. बंगल्यांच्या आकाराबद्दल कुरकुर करणारे शेजारी प्रत्येक शहरात असतात, आणि चढता एफएसआय हा त्यांना पटणारा दुर्मीळ प्रस्ताव आहे. तुमच्या कमिशनने एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ही उचला.

पार्किंगबद्दल थोडं आणखी, कारण सभेत अर्धा वेळ त्यातच जाणार आहे. मोठ्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या पायी अंतरात अशा घरांसाठी पार्किंगची सक्ती करताच येत नाही. ६,००० चौरस फुटांहून मोठ्या प्लॉटवर घरामागे दोन जागांपर्यंत मागता येते. या कमाल मर्यादा आहेत. त्या गाठायलाच हव्यात असं कायदा कुठेही म्हणत नाही, पण मसुद्यात नेमकी कमाल मर्यादाच उतरते. २०२५ मध्ये राज्याने पार्किंगच्या सक्तीवर आणखी एक कायदा केला असून तो लोकसंख्येप्रमाणे टप्प्याटप्प्याने लागू होतो. तुमचं शहर नेमकं उंबरठ्यावर आहे. आता दोन जागा लिहून पुढे पुन्हा नियमावली उघडण्यापेक्षा आताच खाली उतरलेलं बरं. सक्ती काढली म्हणजे पार्किंग बांधायला बंदी झाली, असा गैरसमज मात्र सभेत वारंवार दूर करावा लागतो. बांधणारा ग्राहकाला हवं तेवढं पार्किंग देतोच.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि सर्वात महत्त्वाचं आहे: संपूर्ण नगरसंहितेची झडती. फक्त झोनिंगच्या प्रकरणाची नव्हे. 'एक कुटुंब', 'कुटुंब', 'निवासी एकक', 'प्लॉट', 'डुप्लेक्स', 'बहुकुटुंब' असे शब्द सगळ्या प्रकरणांत शोधा. पोटविभागणी, सांडपाणी, पाणीपुरवठा, रस्ते, झाडं, कचरा, अग्निशमन, इम्पॅक्ट शुल्क, अगदी पाट्यांचे नियमसुद्धा. सांडपाण्याच्या प्रकरणात 'प्रत्येक प्लॉटला एकच जोडणी' असं वाक्य हमखास सापडतं. रस्त्यांच्या प्रकरणात 'तीन किंवा अधिक घरं असल्यास समोरचा फूटपाथ आणि अर्धा रस्ता सुधारून द्यावा' असं असतं, आणि छोट्या प्रकल्पाचा जीव तिथेच जातो. कचऱ्याच्या नियमांत चार घरं झाली की मोठ्या डब्याची बंदिस्त जागा मागितलेली असते. ही वाक्यं लिहिली गेली तेव्हा चार घरं म्हणजे कुठल्यातरी विकसकाचं संकुल असायचं. आता ते एखाद्या निवृत्त शिक्षिकेचं परसदार असू शकतं. व्याख्यांचं प्रकरण तर सर्वांत आधी पाहा: 'बहुकुटुंब इमारत' म्हणजे तीन किंवा जास्त घरं अशी जुनी व्याख्या राहिली, तर अपार्टमेंटचे सगळे नियम आपोआप ट्रिप्लेक्सला लागू होतात, आणि तसं होणं थेट कायद्याविरुद्ध आहे. या झडतीचा तीन रकान्यांचा तक्ता करा: राज्याचं कलम, आपलं कलम, काय बदलायचं. शहराच्या वकिलाला आणि राज्याच्या वाणिज्य विभागाला (शहरांचे नियोजनाचे मसुदे याच विभागाकडे जातात), दोघांनाही तोच तक्ता द्यायचा.

बांधकाम संहिता आणि अग्निशमन या दोन गोष्टी झोनिंगच्या बाहेरच्या आहेत, तरी त्या विभागांत जाऊन बसा. अमेरिकेत बंगले, डुप्लेक्स आणि टाउनहाउस आंतरराष्ट्रीय निवासी संहितेखाली बांधले जातात. एकावर एक अशी तीन घरं झाली की इमारत साधारणपणे मोठ्या इमारतींच्या संहितेत जाते आणि स्प्रिंकलरपासून सगळा खर्च चढतो. हे शहर एकट्याने बदलू शकत नाही, पण आपल्या गावात डुप्लेक्स आणि टाउनहाउस आधी दिसतील, फ्लॅटची छोटी इमारत उशिरा दिसेल, हे त्यामुळे कळतं, आणि टाउनहाउसचे नियम जास्त काळजीने लिहावेसे वाटतात. अग्निशमनाच्या संहितेत इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा प्रत्येक भाग बंबाच्या वाटेपासून १५० फुटांच्या आत हवा आणि ती वाट किमान २० फूट रुंद हवी, असा नेहमीचा नियम आहे. खोल प्लॉटवर मागे बांधलेलं घर इथे अडकतं. स्प्रिंकलर बसवले तर अंतरात सूट देण्याचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याला असतो. ती सूट कधी मिळेल हे त्याच्याकडून आताच लेखी घ्या, अर्जदाराला शेवटी कळण्यापेक्षा. पावसाच्या पाण्याचंही तसंच. पश्चिम वॉशिंग्टनच्या नियमपुस्तिकेत नवा आणि बदललेला मिळून २,००० चौरस फूट कठीण पृष्ठभाग झाला की निचऱ्याच्या अटींचा एक गठ्ठा लागू होतो, ५,००० ला पूर्ण संच. आपल्या उदाहरणातलं २,०९२ चौरस फुटांचं डांबर आठवा. इमारतीची एक वीटही लागण्याआधी नुसत्या पार्किंगने पहिली मर्यादा ओलांडली होती.

डिझाइनच्या निकषांवर कमिशनचे सदस्य म्हणून तुमचा हात सर्वात जास्त चालेल, म्हणून इथे सावध राहा. 'परिसराच्या स्वरूपाशी सुसंगत', 'आकर्षक दर्शनी बाजू', 'योग्य प्रमाणबद्धता' असे शब्द आता चालत नाहीत. अर्जदाराला स्वतः वाचून आपली इमारत बसते की नाही हे कळलं पाहिजे, आणि डिझाइनच्या नावाखाली झोनने दिलेली घनता, उंची किंवा आकारमान कमी करता येत नाही. ज्या गोष्टी खरोखर हव्यात त्या मोजून लिहा. रस्त्याकडे एक तरी प्रवेशद्वार हवं. दर्शनी भिंतीच्या १५ टक्के भागात खिडक्या-दारं हवीत. गॅरेजची दारं दर्शनी रुंदीच्या अर्ध्याहून जास्त नकोत. जे मोजता येत नाही ते बहुधा कुणाची तरी आवड असतं, ते सोडून द्या. आणि हे निकष बंगल्यालाही लावा, नाहीतर कडक नियमांच्या मनाईत सापडाल. तपासणी कर्मचाऱ्यांच्या पातळीवरच व्हायला हवी. अशा घरांसाठी डिझाइन तपासणाऱ्या बोर्डासमोर सुनावणी ठेवायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. इथे बरेच जुने सदस्य दुखावतात. त्यांना कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचं उदाहरण द्या. तिथे प्रांताने २०२३ च्या कायद्यात आराखड्याशी सुसंगत निवासी फेरझोनिंगसाठी जाहीर सुनावणी घ्यायलाच मनाई केली. त्यामानाने वॉशिंग्टन मवाळ आहे.

पळवाटा शोधू नका, असं मी म्हणते ते नीतीच्या कारणासाठी नाही. त्या महाग पडतात. कॅलिफोर्नियात एसबी ९ (एका घराच्या प्लॉटवर जास्त घरांना मुभा देणारा तिथला कायदा) लागू झाल्यावर वुडसाइड या श्रीमंत गावाने २०२२ च्या सुरुवातीला संपूर्ण गाव पहाडी सिंहाचा अधिवास असल्याचं सांगून अर्ज घेणं थांबवलं. देशभर हसं झालं, राज्याच्या ॲटर्नी जनरलचं पत्र आलं, आणि काही दिवसांत गावाने माघार घेतली. ओरेगनने २०१९ च्या एचबी २००१ मध्ये एक हुशारी केली होती: शहराने मुदतीत नियम केले नाहीत तर राज्याची आदर्श नियमावली थेट लागू. वॉशिंग्टननेही तोच मार्ग घेतला. मुदत चुकली की वाणिज्य विभागाची आदर्श नियमावली तुमच्या परस्परविरोधी कलमांच्या वर बसते, आणि तुमच्या चढावरच्या गल्ल्यांचा, तुमच्या झाडांचा, तुमच्या जुन्या नाल्यांचा त्यात विचार नसतो. कौन्सिलमधल्या नाराज सदस्यांना हाच मुद्दा सर्वांत लवकर पटतो.

एक वैध पर्याय मात्र आहे. ७५ टक्के प्लॉटवर नियम लागू करून उरलेले काही कारणांसाठी वगळता येतात. लहान शहराने त्या भानगडीत पडू नये असं माझं मत. वगळलेल्या प्रत्येक भागाचं कारण सिद्ध करायचं, कोणत्या वस्त्या सुटतात यावर भांडायचं, आणि ज्या वस्त्यांना पूर्वी वांशिक कारणांनी वेगळं ठेवलं होतं त्या पुन्हा सुटत नाहीत ना हे तपासायचं. दोन माणसांच्या विभागाला हे झेपत नाही. नाले, उतार, भूस्खलनाच्या जागा अशा संवेदनशील क्षेत्रांना कायद्यात वेगळी सूट आहेच. पाणी किंवा सांडपाण्याची क्षमता खरोखर नसलेल्या भागासाठी मुदतवाढही मागता येते, पण त्याबरोबर ती क्षमता कधी आणि कशी आणणार याची योजना द्यावी लागते.

वेळापत्रक उलट बाजूने आखा. तुमची मुदत म्हणजे सर्वंकष आराखड्याच्या (शहराच्या दीर्घकालीन वाढीच्या आराखड्याच्या) पुढच्या ठरलेल्या सुधारणेनंतर सहा महिने. प्युजेट साउंडभोवतीच्या (सिएटल परिसरातल्या) चार काउंटींतल्या शहरांची ती ३० जून २०२५ ला संपली, बाकीच्यांची नंतर येते, आणि तुम्ही लिहिलंत त्यावरून तुमचं शहर नंतरच्या गटात आहे. मंजुरीच्या किमान ६० दिवस आधी मसुदा वाणिज्य विभागाला पाठवावा लागतो. पर्यावरणीय तपासणी त्याच काळात उरकते. त्याआधी कमिशनची सुनावणी, आणि सुनावणीनंतर मसुदा एकदा तरी बदलणार हे धरून चाला. त्याआधी प्लॉटांची आखणी आणि संहितेची झडती. मंजुरीनंतर दहा दिवसांत प्रत राज्याला द्यायची, आणि जाहीर सूचनेनंतर ६० दिवस ग्रोथ मॅनेजमेंट हिअरिंग्ज बोर्डाकडे (शहरांच्या नियोजनाच्या निर्णयांविरुद्ध अपिलं ऐकणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे) अपिलाची खिडकी उघडी राहते. सगळं मिळून वर्षभर हाताशी ठेवा. उन्हाळ्यात जाहीर सभा ठेवू नका. नंतर 'आम्ही सुट्टीवर होतो' हे ऐकावं लागतं.

सभेत दोन वाक्यं टाळा. 'राज्याने आमच्या गळ्यात मारलं' हे पहिलं. ते म्हणताच लोक विचारतात, मग तुम्ही विरोध का नाही केलात, आणि पुढचा तास त्यातच जातो. दुसरं, 'यामुळे घरं स्वस्त होतील.' एका वर्षात होणार नाहीत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागावर जास्त बांधकामाला परवानगी दिली, आणि त्या भागांत परवाने ठळकपणे वाढायला काही वर्षं गेली. तेवढंच सांगा. रेखाचित्रं दाखवा: हाच प्लॉट, आज इथे ३५ फूट उंच एकच बंगला कायदेशीर आहे, आणि त्याच पेटीत ही दोन घरं. लोकांच्या मनात चार मजल्यांचा ठोकळा असतो, चित्र पाहिलं की निम्मी भीती उतरते. उरलेल्या निम्म्या भीतीचं काय करायचं यावर माझ्याकडे उपाय नाही. त्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि नोंदवायचं. गृहसंकुलांतले लोक एक प्रश्न नक्की विचारतील: आमच्या जुन्या करारनाम्यात एकाच घराची अट आहे, तिचं काय? जुन्या करारांना हा कायदा हात लावत नाही, नवे करार मात्र अशा घरांना बंदी घालू शकत नाहीत. हे उत्तर खिशात ठेवा.

मंजुरीनंतर पहिल्या वर्षी काउंटरवर एक साधी वही ठेवायला सांगा. अशा घरांसाठी चौकशी करायला येऊन अर्ज न करता गेलेल्या प्रत्येक माणसाचं कारण त्यात लिहायचं: कोणता नियम, किती फुटांनी, किती डॉलरने. आलेल्या अर्जांची संख्या सगळेच मोजतात; न आलेल्या अर्जांची कारणं कुणी लिहीत नाही. बाजूच्या भिंतीचं अंतर दोन फुटांनी अडतंय का, पाण्याच्या दुसऱ्या मीटरचं शुल्क अडतंय का, हे त्या वहीत सहा महिन्यांत दिसायला लागतं. आणि मंजुरीच्या ठरावातच लिहून घ्या की एका वर्षानंतर हा विषय कमिशनच्या कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा येईल, दुरुस्तीच्या मसुद्यासह. तारीख घालून लिहा. तारखेशिवाय लिहिलेला फेरविचार पुढच्या अर्थसंकल्पात कर्मचाऱ्यांचे तास कापताना पहिला जातो.